आपल्या मुलांच्या पालकांचा गट सुरू करायचा असेल तर

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या पालकांचा गट सुरू करायला नोंदणी, लेटरहेड, हॉल यातलं काहीही लागत नाही. तीन घरं पुरतात. आणि ती शोधायला लांब जावं लागत नाही, थेरपी सेंटरच्या बाकड्यावर ती आधीच बसलेली असतात. मूल आत असतं, आपण बाहेर मोबाईल बघत वेळ काढतो. त्या वेळात शेजारच्या आईला विचारा, "रात्री झोपतो का हो तुमचा?" निदान काय झालंय ते विचारू नका, ते तिला सगळे विचारतात. झोपेचं कुणी विचारत नाही. साताऱ्यात आमचा गट अशाच प्रश्नांतून जमला.

जागा बघायला गेलात की आधी फाटक बघा. आपल्या मुलांपैकी काही जण क्षणात रस्त्यावर असतात. रविवारी रिकामी असलेली बालवाडी मला सगळ्यांत बरी वाटते. फाटकाला वरच्या बाजूला कडी असते, फुटण्यासारखं फारसं काही नसतं. कुणाच्या घरी जमणार असाल तर तेवढा वेळ कुकर लावू नका. शिट्टी झाली की माझा मुलगा कान दाबून भिंतीला चिकटतो, आणि अशी मुलं प्रत्येक गटात असतात. मुलांकडे बघायला दोघंजण आधीच ठरवून ठेवा, दर वेळी वेगळे. आईचं निम्मं लक्ष मुलाकडे राहिलं तर ती आलीच नाही असं समजा.

नवीन कुटुंब आलं की त्यांना बोलू द्या. "होईल हो सगळं नीट" म्हणू नका, "आमचा अमक्या थेरपीनं बोलायला लागला" हे तर पहिल्या भेटीत मुळीच नको. त्यांनी विचारलं तर सांगा. एक गोष्ट मात्र न विचारताही स्पष्ट सांगायची, शक्य तर सासूबाई आणि नवरा समोर असताना: स्वमग्नता आईच्या वागण्यानं होत नाही. मोबाईल दाखवला, नोकरी केली, माहेरचं काहीतरी आलं, हे ऐकून ऐकून ती बाई आतून खचलेली असते.

पण माझ्या मते गटाचं खरं काम बैठकीत होत नाही, सोबत जाण्यात होतं. दिव्यांग प्रमाणपत्राचा दिवस घ्या. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, पण तपासणीला मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात जावंच लागतं. तिथे रांग, गर्दी, फिनेलचा वास, आणि आपला नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. एकट्या आईनं फाइल धरायची की मूल? म्हणून गटातल्या एकानं बरोबर जायचं. त्यानं फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं, आईनं मुलाला बाहेर झाडाखाली फिरवत ठेवायचं, नंबर जवळ आला की फोन करायचा. फाइलमध्ये आधार, फोटो, जुने सगळे रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स. पिशवीत पाणी, मुलाच्या सवयीचाच खाऊ, एक जादा पँट. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय काय करता येत नाही?" मुलासमोर ते बोलताना आईचा आवाज जातो. म्हणून आदल्या दिवशी दोघींनी बसून कागदावर लिहून काढा: बटण लावतो का, रस्ता ओलांडतो का, शी-शू सांगतो का. तो कागदच पुढे करायचा. बाहेर आल्यावर प्रमाणपत्रावरची मुदत वाचा. लहान मुलांचं पुष्कळदा तात्पुरतं असतं, नूतनीकरणाची तारीख गटाच्या वहीत टिपून ठेवा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच सवलती सुरू होतात, ते त्या कुटुंबाला समजावून द्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचा अर्जही सोबत बसूनच भरा. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो.

व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण मुलाचा रडतानाचा, आदळआपट करतानाचा व्हिडिओ टाकायला बंदी ठेवा. ते मूल उद्या मोठं होणार आहे. "पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्यांच्या जाहिराती तिथे येऊ देऊ नका. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांची शिफारस करता येत नाही असं देशातल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच सांगितलं आहे, तरी त्यासाठी दागिने मोडायला निघालेली माणसं भेटतात. अशांना रागावू नका, तज्ज्ञ डॉक्टरांकडे आपण होऊन घेऊन जा.

वडील येत नाहीत ही तक्रार सगळीकडे आहे. "या" म्हणून ते येत नाहीत, काम सांगितलं की येतात. फॉर्म भरणं, रांगेत उभं राहणं, मोठ्या मुलांना पोहायला नेणं, काहीही सांगा.

मुलं मोठी होऊ लागली की कायदेशीर पालकत्वाचा विषय काढा, कितीही जड वाटला तरी. 18 पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमून घेण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्या, आणि ज्यांचा अर्ज मंजूर झालाय त्यांच्याकडून त्याची झेरॉक्स मागून घ्या.