'म्हणे' इंग्रजीत कुठे बसवायचं? अपेक्षा आणि ऐकीव गोष्टी सांगताना या चुका टाळा

'आय एक्स्पेक्ट फ्रॉम माय सन टू स्टडी.' पालकसभेत, मुलाखतीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये या धाटणीचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि वाचलं आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. असं वाक्य बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असतं असं मुळीच नाही. त्याला एक्स्पेक्ट हा शब्द येतो, अर्थ माहीत असतो, उच्चारही नीट असतो. घोटाळा होतो तो मराठीतल्या 'कडून'मुळे. आपण मुलाकडून अपेक्षा ठेवतो, आणि तो 'कडून' इंग्रजीत जाताना 'फ्रॉम' होऊन जातो.

इंग्रजीत एक्स्पेक्टनंतर माणूस थेट येतो, मग 'टू', मग त्याने करायचं काम: 'आय एक्स्पेक्ट माय सन टू स्टडी.' फ्रॉम लागतो, पण वेगळ्या ठिकाणी. ज्याची अपेक्षा आहे ते नाम असेल तर 'आय एक्स्पेक्ट ऑनेस्टी फ्रॉम यू' हे अगदी बरोबर. प्रामाणिकपणा हे नाम, अभ्यास करणं हे क्रियापद. नाम असेल तर फ्रॉम चालेल; क्रियापद असेल तर फ्रॉम काढून टाका.

वाँटचंही असंच. 'आय वाँट दॅट यू शुड कम' हे 'तू यावंस असं मला वाटतं' या वाक्याचं शब्दशः भाषांतर. इंग्रजी माणूस म्हणेल, 'आय वाँट यू टू कम.' वाँट आणि एक्स्पेक्ट एकाच घरातले, इथवर सोपं आहे.

होप त्या घरातला नाही

हे कळलं की विद्यार्थी उत्साहाने लिहितात, 'आय होप यू टू पास.' इथे मात्र गाडी अडते. होपच्या पुढे माणूस असा बसत नाही. पूर्ण वाक्य लागतं. 'आय होप यू पास' किंवा 'आय होप यू विल पास.' आशा करणारा आणि काम करणारा एकच असेल तरच टू चालतो: 'आय होप टू पास.'

अर्थातला फरक त्याहून महत्त्वाचा आहे. मराठीत 'अपेक्षा' हा शब्द इच्छेकडे झुकतो. तोट्याची अपेक्षा आपण ठेवत नाही. तोटा होण्याची शक्यता किंवा भीती असते. इंग्रजी एक्स्पेक्ट मात्र मुख्यतः अंदाजाचा शब्द आहे. 'वुई आर एक्स्पेक्टिंग अ लॉस धिस इयर' असं कंपनीचा मालक सहज म्हणतो, आणि त्याला तोटा हवा आहे असं कुणी समजत नाही. मनातली इच्छा सांगायची असेल तर होप, काय घडेल त्याचा हिशोब सांगायचा असेल तर एक्स्पेक्ट.

यातूनच ईमेलमधली एक चूक होते. ती व्याकरणाची नाही, पण नुकसान जास्त करते. आपल्या पत्रांत 'आपल्या सकारात्मक उत्तराची अपेक्षा आहे' हे नम्र वाक्य मानलं जातं. त्याचंच 'आय एक्स्पेक्ट अ पॉझिटिव्ह रिप्लाय फ्रॉम यू' केलं की सूर पार बदलतो. व्याकरण शुद्ध, पण वाचणाऱ्याला वाटतं की हा आपल्याला दटावतोय. माणसाला उद्देशून वापरलेल्या एक्स्पेक्टमध्ये अधिकार असतो: शिक्षक विद्यार्थ्याला, साहेब हाताखालच्याला असं म्हणतो. नोकरीच्या अर्जात, वरिष्ठांना, ग्राहकाला लिहिताना 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' किंवा 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहा. आणि हो, 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' नव्हे, 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. हा टू वेगळा आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजीचं रूपच येतं. शंका आली तर 'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' आठवा. जिथे 'हॉलिडेज' बसतं तिथे 'मीट' बसणार नाही.

नकार कुठे टाकायचा

मराठीत 'तो येणार नाही असं वाटतं' आणि 'तो येईल असं वाटत नाही' दोन्ही सहज चालतात. इंग्रजीत थिंकच्या बाबतीत दुसरी रीत जास्त नैसर्गिक: 'आय डोन्ट थिंक ही विल कम.' होपच्या बाबतीत नेमकं उलटं. 'आय डोन्ट होप इट रेन्स' असं कुणी म्हणत नाही; 'आय होप इट डझन्ट रेन.'

'मला वाटतंय'चं 'आय ॲम थिंकिंग दॅट' करू नका. मत सांगताना 'आय थिंक', 'आय बिलीव्ह', साधा वर्तमानकाळ. 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' हे वेगळं, तिथे खरोखरच विचार चालू असतो. तसंच 'आय बिलीव्ह हिम' म्हणजे तो सांगतोय ते मला खरं वाटतं, आणि 'आय बिलीव्ह इन हिम' म्हणजे त्या माणसावर, त्याच्या कुवतीवर माझा विश्वास आहे.

सपोज्ड टू: एका शब्दात दोन मराठी शब्द

बोलताना 'सपोज्ड'मधला शेवटचा डी ऐकूच येत नाही, म्हणून लिहितानाही तो गळतो आणि 'आय ॲम सपोज टू' होतं. कान काहीही सांगो, लिहिताना डी हवाच. अर्थ दोन आहेत. 'यू आर सपोज्ड टू साइन हिअर': इथे सही करायची असते. 'धिस हॉटेल इज सपोज्ड टू बी गुड': हे हॉटेल चांगलं आहे म्हणे. आणि भूतकाळात गेलं की बहुतेक वेळा त्यात न बोललेला 'पण' येतो. 'ही वॉज सपोज्ड टू कॉल मी' म्हणजे तो फोन करणार होता, आणि केला नाही. त्याने फोन केला असेल तर हे वाक्य वापरू नका, विनाकारण तक्रार वाटेल.

आता खरा 'म्हणे'

ऐकीव गोष्ट सांगायला मराठीने आपल्याला एक सुंदर शब्द दिला आहे. वाक्य पूर्ण करायचं आणि शेवटी 'म्हणे' जोडायचं. जबाबदारी आपली नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. लेखी इंग्रजीत शेवटी असं काही जोडता येत नाही, तिथे वाक्याची बांधणीच बदलावी लागते. 'ध चा मा' ही सगळ्यांना ठाऊक असलेली आख्यायिका घेऊ.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. ही नोंदलेली घटना आहे, म्हणून सरळ: 'नारायणराव वॉज मर्डर्ड इन १७७३.' आनंदीबाईंनी हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही मात्र सांगोवांगी. तिथे लिहायचं: 'आनंदीबाई इज सेड टू हॅव चेंज्ड अ सिंगल लेटर इन द ऑर्डर.' आणि 'काका, मला वाचवा' हा आवाज वाड्यात अजूनही ऐकू येतो म्हणे: 'हिज क्राय इज सेड टू बी हर्ड इव्हन टुडे.'

काळाकडे नीट पाहा. 'इज सेड' दोन्हीकडे सारखंच, कारण लोक आजच म्हणताहेत. बदल पुढे आहे. आज घडतंय म्हणे, तर 'टू बी'. पूर्वी घडलं म्हणे, तर 'टू हॅव'. 'आनंदीबाई इज सेड टू चेंज द लेटर' लिहिलंत तर त्या आजही अक्षरं बदलतात असा अर्थ निघेल. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त लाल शाई या एका 'हॅव'वर खर्च होते.

दुसरी वाट म्हणजे 'इट इज सेड दॅट आनंदीबाई चेंज्ड द लेटर.' तीही बरोबर. चूक होते ती दोन वाटा एकत्र केल्यावर: 'आनंदीबाई इज सेड दॅट शी चेंज्ड.' सुरुवातीला माणूस असेल तर टू, सुरुवातीला इट असेल तर दॅट.

बिलीव्ह, रिपोर्ट, नो (म्हणजे माहीत असणं), एक्स्पेक्ट ही क्रियापदं अशीच चालतात. मान्सूनच्या बातम्यांत हे भरपूर सापडतं: 'द मान्सून इज एक्स्पेक्टेड टू रीच मुंबई ऑन ११ जून.' लाइकलीही असंच: 'इज लाइकली टू रेन.' प्रॉबेबल मात्र टू घेत नाही. 'इट इज प्रॉबेबल दॅट' एवढीच वाट.

एक चकवा इथे आहे. 'पीपल एक्स्पेक्ट हिम टू विन' चालतं, म्हणून 'पीपल से हिम टू बी रिच' चालेल असं वाटतं. नाही चालत. से हे क्रियापद या बांधणीत फक्त 'इज सेड टू' असंच येतं. नाहीतर 'पीपल से दॅट ही इज रिच'. आणि सेडच्या जागी टोल्ड तर कधीच नको. 'शी इज सेड टू बी ब्रेव्ह' म्हणजे ती शूर आहे असं म्हणतात. 'शी इज टोल्ड टू बी ब्रेव्ह' म्हणजे तिला धीर धरायला सांगितलं जातं.

कन्सिडरबद्दल थोडक्यात: 'इज कन्सिडर्ड ॲज द बेस्ट' यातला ॲज नको, 'इज कन्सिडर्ड द बेस्ट' पुरे. ॲज हवाच असेल तर 'इज रिगार्डेड ॲज द बेस्ट' म्हणा.

हे सगळं लेखी इंग्रजीचं झालं. निबंधात, बातमीत, अहवालात 'इज सेड टू' शोभतं, पण चहा पिताना शेजाऱ्याशी कुणी असं बोलत नाही. बोलण्यातला म्हणे वेगळा असतो. 'तो नोकरी सोडतोय म्हणे'ला 'ही इज लीव्हिंग हिज जॉब, अपॅरंटली'. इथे तर तो मराठीसारखा शेवटीही बसतो. आणि समोरच्याच माणसाला विचारायचं असेल, 'नाशिकला राहायला चाललात म्हणे?', तर 'आय हिअर यू आर मूव्हिंग टू नाशिक.'