बायपास लिस्ट एजंटकडून मागवताना मी कुठं कुठं फसलो

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला, बीसीए यवतमाळले केलं आणि आता घरूनच वेब सिक्युरिटी शिकून रायलो. बायपास म्हणजे वेबसाइटनं लावलेली अडवणूक चुकवून आत जाणं, बायपास लिस्ट म्हणजे त्यासाठी टाकून पाहायच्या ओळींची यादी, आणि एजंट म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून करणारा एआय. ज्युनिअर पोरं फोन करतात, दादा सुरुवात कुठून करू, तर प्रत्येकाले तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पहिली फजिती डेटाची. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, तिथं सेकलिस्ट्स नावाचा साठा आहे, पासवर्ड, फोल्डरची नावं, पेलोड (साइटवर टाकून पाहायच्या ओळी), सगळ्याच्या याद्या एका जागी. म्हटलं पूर्ण क्लोन मारू, म्हणजे सगळा साठाच लॅपटॉपवर उतरवू. एक जीबीच्या वर माल, माझं पॅक दिवसाले दीड जीबीचं, अर्ध्यात टॉवर गेला आणि क्लोन काही तुटल्या जागेपासून सुरू होत नाही बाप्पा, पहिल्यापासून बसा. दुसऱ्यांदा उतरवलं तर अँटिव्हायरसनं काही फाइली व्हायरस म्हणून उडवल्या, कारण त्यात वेबशेलचे, म्हणजे सर्व्हरवर चोरून हुकूम चालवणाऱ्या फाइलींचे, नमुने असतात. त्यात बाबाले कापसाचा भाव पाहायचा होता आणि नेट खलास, मग जे ऐकलं ते ऐकलं.

म्हणून एजंटकडं वळलो. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलं, त्यानं एआयले बाहेरची टूलं जोडता येतात. मी एक टूल जोडलं, ते साठ्यातली फोल्डरं दाखवते, नावानं शोधते, पाहिजे तीच फाइल आणते. काही केबीत काम! पण "बायपासवाली लिस्ट दे" असं मोघम सांगाल तर तो हजारो ओळी चॅटमध्ये ओतते, त्याची मेमरी भरते आणि मंग मधातल्या ओळी स्वतःच्या मनानं बनवून देते. असा फसलो मी, फाइलचं नावही त्यानं ठोकून दिलेलं होतं, साठ्यात तशी फाइलच नव्हती. तेव्हापासून तीन गोष्टी वेगवेगळ्या मागतो, आधी फाइलचा पत्ता, मंग एकूण ओळी किती, मंग पहिल्या ५०. आणि त्याले फक्त वाचायची परवानगी, कमांड चालवायची नाही, कारण बाहेरच्या फाइलीत कोणी एजंटलेच हुकूम लिहून ठेवला तर हा भोळा तो पाळून मोकळा होते.

आता बायपास होते काहून, हे समजल्याशिवाय लिस्ट म्हणजे नुसता कचरा. जिनिंगच्या गेटवर चौकीदाराले सांगून ठेवलं की रामरावची गाडी आत घ्यायची नाही. गाडीवाला म्हणते मी रामरावजी. चौकीदार म्हणते हे नाव आपल्या चिठ्ठीत नाही, जा आत. आतल्या मुनीमाले रामराव आणि रामरावजी एकच. वेबसाइटचंही तसंच, चौकीदारासारखा फिल्टर पत्ता एक तऱ्हेनं वाचते, मागचं अ‍ॅप दुसऱ्या तऱ्हेनं, त्या फटीतून सगळं घुसते.

हे ओवास्प या वेब सिक्युरिटीवाल्या संस्थेच्या ज्यूस शॉपवर करून पाहा, सरावासाठी मुद्दाम कच्चं बनवलेलं ऑनलाइन दुकान आहे, डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरनं आपल्याच लॅपटॉपवर ३००० पोर्टले चालते. त्यात एफटीपी नावाचं फोल्डर आहे, फक्त एमडी (.md, साधा मजकूर) आणि पीडीएफ फाइल देते, बॅकअप फाइल मागितली की ४०३, म्हणजे मनाई. तिथं फाइलच्या नावामागं %2500 आणि त्यामागं .md लावायचं. %25 म्हणजे टक्क्याचंच चिन्ह, एकदा उलगडलं की उरते %00, म्हणजे नल बाइट, नाव इथंच संपलं असं सांगणारी खूण. तपासणारा शेवटी एमडी पाहून खुश, आणि फाइल उघडताना नल बाइटच्या पुढचं कापल्या जाते. बॅकअप हातात. मी हे वहीत पेनानं लिहून काढलं तेव्हा कुठं डोक्यात उतरलं.

सगळ्यात मोठा पोपट याच दुकानात झाला. लिस्टमधल्या ६० ओळी टाकून आलेले रिझल्ट एजंटले दिले, तर म्हणे १९ बायपास यशस्वी, सगळीकडं २००, म्हणजे पान मिळालं. मी रात्री अकराले दोस्ताले फोन लावून मोकळा. सकाळी पाह्यलं तर त्यातल्या १८ उत्तरांची साइज बाइटले बाइट सारखी! ज्यूस शॉप अनोळखी पत्त्याले आपलं होमपेजच २०० म्हणून दाखवते, म्हणजे खरा बायपास एकच. तर राजेहो, नुसता स्टेटसचा आकडा (२००, ४०३) पाहू नका, साइज पाहा, उघडून वाचा.

आणि हो, गावातल्या पतसंस्थेच्या साइटवर "सहज" टाकून पाहायचा मोह मलेही झाला होता. परवानगी नसताना असलं केलं की आयटी कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६, बेइमानीनं केलं असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोर्टस्विगर या कंपनीच्या ऑनलाइन वेब सिक्युरिटी अकॅडमीत सरावाच्या लॅब फुकट आहेत, तिथं पोट भरून करा. मी सध्या तिथल्या अ‍ॅक्सेस कंट्रोलच्या (कोणाले काय उघडायची मुभा आहे, त्याच्या) लॅब करून रायलो, पहाटे पाचले उठून, त्या वेळी टॉवर मोकळा असते आणि मोटरपंप सुरू व्हायच्या आधी व्होल्टेजही बरं असते.