पढवलेली मुलं रंगमंचावर आणताना

युद्धानंतरच्या जर्मनीतल्या मुलांवर एकांकिका बसवायची असेल, तर संहितेआधी पात्रांची वयं कागदावर मांडा. १९४५ मध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलगी १९३० ची. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ती तीनची होती, दहाव्या वर्षी नाझींच्या मुलामुलींच्या संघटनेत गेली. १९३९ पासून तिथे जाणं सक्तीचंच होतं. दुसरं जग तिने पाहिलेलंच नाही. म्हणून भिंतीवर लावलेले छळछावण्यांचे फोटो पाहताच ती रडू लागली, की नाटक तिथेच खोटं पडतं. "हे फोटो बनावट आहेत," असं तेव्हा मोठी माणसंही म्हणत होती. तिलाही आधी तेच म्हणू द्या.

जळगाव-धुळ्यात प्रयोग करणाऱ्यांच्या हाती एक मोठी सोय आहे, ती म्हणजे अहिराणी. पाठ करून घेतलेली वाक्यं पुस्तकी मराठीत ठेवा आणि मुलांचं स्वतःचं बोलणं अहिराणीत. भाषा बदलली की शिकवण कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं, ते प्रेक्षकाला आपोआप कळतं. धोका एकच: अहिराणी ऐकली की लोक हसायला तयार बसतात. म्हणून पहिलं वाक्य धाकट्या भावाचं, भुकेचं असू द्या: "माले भूक लागनी." हळू, प्रेक्षकांकडे न बघता.

मनातला बदल भाषणात नको, हातात दाखवा. सलामीसाठी हात सवयीने उठतो, कोपरापाशी अडकतो. असं तीनदाच, प्रत्येक वेळी थोडं खाली. जास्त केलंत तर ती लकब होते.

१ मे १९४५ च्या रात्री रेडिओने हिटलर लढताना पडल्याचं सांगितलं. त्याने आदल्या दिवशीच आत्महत्या केली होती. प्रेक्षकाला हे ठाऊक असतं, मुलांना नसतं. बातमीनंतर वीस सेकंद कुणी बोलू नये.

स्वस्तिक दाखवू नका. आपल्याकडे ते उंबऱ्यावर काढतात, अर्थाचा गोंधळ होतो. मुलाच्या तपकिरी शर्टावर दंडपट्टी उसवल्याची खूण पुरते. कच्च्या रंगाचा सुती शर्ट घ्या. टेरिकॉटचा रंग सहजी उडत नाही. डाव्या बाहीवर दहा सेंटीमीटर रुंद, दुहेरी काळं कापड कच्च्या दोऱ्याने टाचा आणि शर्ट रोज ओला करून गच्चीवर वाळत घाला. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात आठ-दहा दिवसांत बाकी कापड विटतं, पट्टीखालचं गडद राहतं. पावसाळ्यातल्या प्रयोगाचे कपडेही मेमध्येच तयार करा. जूनमध्ये ढग आले की खूण पुसट उठते आणि मागच्या रांगेतून दिसत नाही.