लाल रेघ नाही म्हणून शुद्ध समजू नका: छपाईआधी या चुका टाळा

पत्रिका असो, फलक असो की चादरीचं लेबल, स्पेलचेकर एवढंच बघतो की शब्द त्याच्या यादीत आहे का. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही.

सुरुवात गावाच्या नावापासून. 'सोलापूर'मधला पू दीर्घ. 'सोलापूरला', 'सोलापूरची' इथेही दीर्घच, कारण प्रत्यय थेट जोडलाय. पण त्या 'र'ला काना किंवा वेलांटी लागली की पू ऱ्हस्व होतो: सोलापुरात, सोलापुरी चादर, सोलापुरी शेंगा चटणी. 'सोलापूरी' चूक. सुताचंही तसंच: सूत, पण सुताचा, सुती. आणि 'सुत' म्हणजे मुलगा! तोही यादीत असला, तर लेबलवर 'शंभर टक्के सुत' छापलं जाईल आणि रेघ उमटणार नाही.

सोलापूरच्या ग्रामदैवताच्या नावाचे हाल तर त्याच्या गड्डा यात्रेच्या फलकांवर दिसतात: 'सिध्देश्वर'. बरोबर रूप सिद्धेश्वर, म्हणजे आधी द, मग ध. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीवर 'ओ', 'डी' आणि शिफ्ट धरून पुन्हा 'ओ'. शुद्ध, प्रसिद्ध, वृद्ध, युद्ध सगळीकडे हाच क्रम. मराठीत ध्द असलेला शब्द सहसा नसतोच, त्यामुळे उपाय सोपा: फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून 'ध्द' शोधा, जिथे सापडेल तिथे दुरुस्त करा.

आचारी आणि आचार्य यांची गल्लत स्पेलचेकरच्या हाती लागत नाही. 'आचार्यांना जेवणाची ऑर्डर दिली' म्हणजे गुरुजींना स्वयंपाकाला लावलं. स्वयंपाक करणारे ते आचारी, म्हणून आचाऱ्यांना. दर्या-दऱ्या हीसुद्धा अशीच जोडी. हा ऱ्य इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी, मग य असा येतो. काही कीबोर्ड तो साध्या र आणि अदृश्य जोडचिन्हातून बनवतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण कंट्रोल-एफला एक सापडतो, दुसरा सापडेलच असं नाही. एका फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

आता उलटा त्रास: शुद्ध शब्दाखाली रेघ. 'कवी', 'बुद्धी', 'शक्ती' लाल झाले आणि 'कवि', 'बुद्धि' सुचवले गेले, तर बहुधा हिंदी कोश चालू आहे. वर्डमध्ये मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे मराठी करा. लिबरऑफिसमध्ये मराठी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'खाली निवडावी लागते. वरच्या 'वेस्टर्न'च्या खान्यात शोधत बसू नका. मात्र कविसंमेलन, बुद्धिबळ यांतली वेलांटी ऱ्हस्वच, ती 'सुधारायला' जाऊ नका. कोश मराठी केल्यावरही 'दुकानासमोरच्यांनीसुद्धा' अशा लांब रूपांखाली रेघ येईल. प्रत्यय लागलेली सगळी रूपं कोणत्याच यादीत मावत नाहीत.

त्या रेघेला वैतागून 'ॲड टू डिक्शनरी' दाबणं सगळ्यात महागात पडतं. चुकीचा 'सिध्देश्वर' एकदा आत गेला की त्या कॉम्प्युटरवर तो शुद्धच धरला जातो. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज, एडिट वर्ड लिस्ट इथे जाऊन तो काढून टाका.

आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर हे सगळं व्यर्थ. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, कोश त्यांना मराठी समजतच नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत रूपांतर करा, मग तपासा. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कधीकधी सरकतात, तेवढे शब्द मात्र कागदावर प्रिंट काढून बोट ठेवून वाचा.