डाउनलोड केलेल्या व्हिडिओंची तपशीलवार नोंद कशी ठेवावी

डाउनलोड केलेल्या फाइलवरून व्हिडिओचा उगम क्वचितच कळतो. फाइलचे नाव कोणीही बदलू शकते, कॉपी करताना तिच्यावरची तारीख बदलू शकते आणि मूळ दुवा तर बहुतेक वेळा तिच्यात नसतोच. म्हणून नोंद डाउनलोड पूर्ण होताच, त्याच बैठकीत करावी. नंतर आठवून केलेल्या नोंदीवर मी विसंबणार नाही.

नोंदीसाठी साधे स्प्रेडशीट पुरते. मात्र ते यूटीएफ-८ एन्कोडिंगच्या (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल) जतन करावे, म्हणजे देवनागरी शीर्षके शाबूत राहतात आणि उद्या दुसरे सॉफ्टवेअर वापरले तरी नोंदी उघडतात. एका ओळीत एकच फाइल नोंदवावी. तारीख २०२५-०३-०९ अशी, वर्ष आधी ठेवून लिहावी. मग ओळी कशाही लावल्या तरी कालक्रम पुन्हा सहज मिळतो.

सर्वांत जपावा असा रकाना व्हिडिओच्या आयडीचा, म्हणजे संकेतस्थळाने त्याला दिलेल्या ओळखचिन्हाचा. शीर्षक अपलोड करणारा केव्हाही बदलू शकतो, आयडी मात्र तोच राहतो. यूट्यूबचा आयडी ११ चिन्हांचा असतो आणि त्यात इंग्रजी लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, त्यामुळे तो हाताने टाइप न करता कॉपी करूनच चिकटवावा. काही आयडी वजाबाकीच्या चिन्हाने सुरू होतात आणि स्प्रेडशीट त्यांना सूत्र समजते. म्हणून त्या रकान्याचे स्वरूप आधीच ‘मजकूर’ असे ठरवावे. फाइलच्या नावातही आयडी असावा, म्हणजे फाइल आणि नोंद यांची जोडी तुटत नाही.

त्याशेजारी पूर्ण दुवा, शीर्षक, वाहिनी, अपलोडची व डाउनलोडची तारीख, परवाना आणि व्हिडिओ कशासाठी घेतला ते लिहावे. वायटी-डीएलपी हे व्हिडिओ डाउनलोड करणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना यातील बरीच माहिती जेएसओएन या मजकूर स्वरूपातील फाइलमध्ये आपोआप मिळवता येते. त्याची ‘डाउनलोड आर्काइव्ह’ यादी मात्र केवळ संकेतस्थळाचे नाव आणि आयडी साठवते, ती पुनरावृत्ती टाळण्यापुरतीच उपयोगी आहे. व्हिडिओ घेण्याचे कारण कोणतेही साधन लिहून देत नाही, ते आपणच लिहावे लागते. रिझोल्यूशन, कोडेक (व्हिडिओ संकुचित करण्याची पद्धत) आणि कालावधी मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घ्यावेत. कालावधी संकेतस्थळावरच्या कालावधीपेक्षा बराच कमी भरला, तर डाउनलोड अर्धवट राहिले असण्याची शक्यता आहे.

शेवटचा रकाना एसएचए-२५६ चेकसमचा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या तिच्या ठशाचा. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने ही ६४ चिन्हांची ओळ मिळते. फाइलचे नाव बदलल्याने ती बदलत नाही, पण उपशीर्षके किंवा मुखचित्र फाइलमध्ये घातल्यास बदलते. म्हणून ही कामे आटोपल्यावरच चेकसम काढावा. फाइल दुसऱ्या डिस्कवर नेल्यानंतर तो पुन्हा काढून नोंदीशी ताडून पाहावा आणि जुळल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये.

फाइल काढून टाकली तरी तिची ओळ पुसू नये, काढल्याची तारीख व कारण तिच्यातच लिहावे. नोंदवहीची एक प्रत व्हिडिओ असलेल्या डिस्कखेरीज अन्यत्रही ठेवावी.