पाच फेऱ्यांच्या मुलाखतीला जावे की नाही, हे दुसऱ्या फेरीआधी कसे ठरवावे

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास मुलाखतीला निघालेला माणूस मला अजूनही ओळखू येतो. इस्त्री मोडू नये म्हणून तो जागा मिळाली तरी बसत नाही, हातातली प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभा राहतो आणि ऐरोली येण्याआधीच फोन काढून आपल्या सध्याच्या ऑफिसला ‘आज बरे वाटत नाही’ असा मेसेज पाठवतो. ऐरोली आणि महापे येथील कंपन्यांच्या भरती विभागात मी अकरा वर्षे काम केले. त्या काळात मी शेकडो जणांना दुसऱ्या, चौथ्या, क्वचित सहाव्या फेरीसाठी बोलावले, आणि त्यांतल्या कित्येकांनी रजा संपवून, पदरमोड करून केलेली ती धावपळ निष्फळ ठरलेली जवळून पाहिली. आता आमच्या सोसायटीतली मुले मला विचारतात, “काकू, पुन्हा बोलावलंय, जाऊ का?”

चौथ्या फेरीला हा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर देणे अवघड होऊन बसते, कारण तोपर्यंत बराच वेळ खर्च झालेला असतो, घरात सांगून झालेले असते आणि मन त्या नोकरीत गुंतलेले असते. म्हणून पहिला फोन झाला की, दुसऱ्या फेरीची तारीख स्वीकारण्याआधी, थोडी माहिती मागून घ्यावी आणि निर्णय तेव्हाच करावा. त्या वेळी विचारण्यात संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण नीट विचारलेल्या प्रश्नामुळे मी कोणाला यादीतून काढल्याचे मला आठवत नाही.

जागा मंजूर आहे का, हे सर्वांत आधी विचारा

बहुतेक उमेदवार फेऱ्या किती, हे विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो ही जागा आज मंजूर आहे का, हा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जाहिरात आली म्हणजे जागा आहे. प्रत्यक्षात विभागप्रमुखाने माणूस मागितलेला असतो, वित्त विभागाची मंजुरी अडकलेली असते आणि भरती करणाऱ्यांना सांगितलेले असते की, ‘तोपर्यंत प्रोफाइल बघून ठेवा.’ आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये तर क्लायंट राउंड नावाचा टप्पा असतो. ज्या प्रोजेक्टसाठी माणूस घ्यायचा, त्याचा ग्राहक स्वतः उमेदवाराशी बोलतो, आणि प्रोजेक्टच पुढे ढकलला गेला तर सगळ्या फेऱ्या उत्तम जाऊनही काही हाती लागत नाही. अशा वेळी ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो आणि ‘नाही’ म्हणून चांगला उमेदवार गमावायचीही तयारी नसते. मग मधला मार्ग म्हणून आणखी एक फेरी लावली जाते. उमेदवाराला ती आपली परीक्षा वाटते, परंतु कंपनी त्या फेरीत फक्त वेळ काढत असते.

आमच्या शेजारची कळव्याची एक मुलगी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामासाठी अशाच एका ठिकाणी पाच फेऱ्या देऊन आली. तिसऱ्या फेरीनंतर शुक्रवारी संध्याकाळी तिला असाइनमेंट आली आणि सोमवारी सकाळी ती परत पाठवायची होती. मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले तेव्हा तिची आई टेबलाच्या एका टोकाला मेथी निवडत होती आणि दुसऱ्या टोकाला ही लॅपटॉप उघडून टेस्ट केसेसचा तक्ता भरत होती. बेचाळीस ओळी भरून झाल्या होत्या, आणि प्रत्येक ओळीत पायऱ्या, अपेक्षित निकाल व शेरा असे तिन्ही रकाने नेटके लिहिलेले होते. पुढे आणखी दोन फेऱ्या झाल्या. सातव्या आठवड्यात एका ओळीचा मेल आला की पद सध्या होल्डवर आहे. तिच्या कामात काही खोट होती असे कोणी म्हटले नाही. ती जागा पहिल्या दिवसापासूनच पक्की नव्हती, आणि तिने तो प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून पहिल्या फोननंतर असा छोटा मेल लिहावा. भाषा इंग्रजी असो वा मराठी, आशय हाच ठेवावा: “आपल्याशी बोलून आनंद झाला. पुढील फेरीची तयारी आणि रजेचे नियोजन करता यावे यासाठी कृपया कळवावे की हे पद मंजूर झालेले आहे का, ते नवीन आहे की कोणाच्या जागी आहे, एकूण किती फेऱ्या आहेत व त्या कोण घेणार आहेत, आणि निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे.” क्लायंट राउंड असेल तर प्रोजेक्ट सुरू झाला आहे की होणार आहे, हेही विचारावे. कोणाच्या जागी भरती असेल तर ती जागा बहुधा खरी असते, कारण तिथले काम पडून असते आणि त्या पगाराची तरतूद आधीपासून असते. उत्तर ‘लवकरच कळवू’ एवढेच आले, तर पुढची फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्यावी अशी विनंती करावी आणि त्यासाठी रजा टाकू नये.

वेळेचा हिशेब कागदावर करा

जागा खरी आहे असे दिसले, की मग आकड्यांकडे वळावे. समजा, महिन्याला ४५,००० रुपये मिळतात आणि कामाचे दिवस २२ आहेत, म्हणजे एका दिवसाचे साधारण २,००० रुपये झाले. पाच फेऱ्यांत दोन पूर्ण दिवस आणि तीन अर्धे दिवस गेले, तर साडेतीन दिवसांचे ७,००० रुपये झाले. घरी बसून केलेली तयारी आणि असाइनमेंट यांचे पंधरा-वीस तास वेगळेच. आता समोरचा पगार ६०,००० असेल, तर वर्षाला १,८०,००० रुपयांचा फरक पडतो. शेवटच्या यादीत तुमच्यासारखेच आणखी तीन जण आहेत असे धरले, तरी त्या फरकाचा चौथा हिस्सा ४५,००० रुपये होतो, म्हणजे धावपळ परवडते. पण वाढ महिन्याला ३,००० रुपयांचीच असेल, तर वर्षाचे ३६,००० आणि त्याचा चौथा हिस्सा ९,०००. रजेचे ७,००० आणि ते वीस तास वजा करता हाती फारसे उरत नाही. आणि जागा मंजूरच नसेल तर पगार कितीही मोठा सांगितलेला असो, बेरीज शून्याच्या खालीच जाते. सगळ्या हिशेबात तो पहिला प्रश्न का महत्त्वाचा, ते इथे दिसते.

हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा येतो. कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा नसेल, तर त्याच्यासाठी एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. घोडबंदर रोडवरून महाप्याला जाणाऱ्याचा जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या बाईला प्रत्येक फेरीसाठी कोणाला तरी घरी बसवावे लागते, आणि ते उपकार कोणत्याही तक्त्यात धरले जात नाहीत. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना मात्र मी पहिल्या दोन-तीन लांब मुलाखती पूर्ण देण्याचा आग्रह करते, कारण पॅनेलसमोर बसण्याची सवय घरी आरशासमोर होत नाही.

किती फेऱ्या पुरे आहेत

फेऱ्या वाढल्या म्हणजे निवड अधिक अचूक होते, हा समज चुकीचा आहे. गूगलने आपल्याच मुलाखतींची आकडेवारी तपासली तेव्हा असे आढळले की चार मुलाखतींत नेमणुकीचा अंदाज ८६ टक्के खात्रीने बांधता येतो आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने जेमतेम एका टक्क्याची भर पडते. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरील जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. पुढे माणूस काम कसे करील याचा अंदाज देण्यात सर्वांत वरचा क्रमांक आला तो आखीव मुलाखतीचा, म्हणजे जिथे सर्वांना तेच प्रश्न विचारले जातात आणि ठरलेल्या निकषांवर गुण दिले जातात त्या मुलाखतीचा. मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत तिच्या बरीच मागे राहिली. आपल्याकडे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. तेव्हा खासगी कंपनी कनिष्ठ पदासाठी पाच फेऱ्या घेत असेल, तर त्यामागचे कारण विचारण्याचा उमेदवाराला पूर्ण हक्क आहे.

फेऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हे तिसऱ्या फेरीत कळते. समोरच्याने मागच्या फेरीची नोंद वाचलेली असेल, तर तो तिथून पुढे विचारतो. तिसरे पॅनेलही ‘स्वतःबद्दल सांगा’ इथूनच सुरुवात करत असेल, तर नम्रपणे म्हणावे की हे मागील फेरीत सविस्तर झाले आहे, आपल्याकडे त्याची नोंद असल्यास मी थेट कामाच्या उदाहरणांकडे येऊ का. यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुढे त्याच्या हाताखाली काम करणे कसे असेल याचा बराच अंदाज येतो.

कंपन्यांची बाजूही मी पाहिली आहे आणि ती नाकारता येत नाही. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. त्या अवधीत ऑफर स्वीकारलेला माणूस दुसरीकडे जास्त पगार मिळवतो आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन उचलत नाही. त्या भीतीने कंपन्या दुसरा, तिसरा उमेदवार तयार ठेवतात, आणि तो तिसरा उमेदवार तुम्ही असू शकता. तसेच तळोज्याच्या किंवा रबाळ्याच्या रासायनिक कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी असलेले पद असेल, किंवा पन्नास माणसांचा प्रमुख निवडायचा असेल, तर सहा जणांनी भेटणे रास्त आहे आणि उमेदवारानेही त्या सहा जणांना पारखून घ्यावे.

असाइनमेंट आणि मर्यादा

असाइनमेंटबाबत मी सोसायटीतल्या मुलांना एकच मर्यादा सांगते. काम दोन-तीन तासांत होण्यासारखे आणि काल्पनिक माहितीवर आधारलेले असावे. कंपनीच्या चालू कामातला भाग, खरा ग्राहक, खरा मजकूर किंवा पूर्ण आराखडा मागितला, तर थांबावे. तेव्हा असे लिहावे: “यातील एक भाग नमुना म्हणून करून पाठवतो, उरलेल्या भागाची माझी पद्धत पुढील फेरीत समजावून सांगेन.” पाठवलेल्या प्रत्येक पानावर आपले नाव आणि तारीख टाकावी. आणि लॅपटॉप, प्रशिक्षण किंवा कागदपत्रांच्या पडताळणीसाठी कोणी पैसे मागितले, तर ती मुलाखत तिथेच संपवावी. ती फसवणूक असते. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

आपली मर्यादा आधी सांगितलेली केव्हाही चांगली. “प्रत्यक्ष येऊन दोन फेऱ्या देऊ शकेन, उरलेल्या सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर व्हिडिओवर घेता आल्यास बरे होईल,” हे वाक्य मी भरती विभागात बसून ऐकले तेव्हा मला त्या माणसाचा आदरच वाटला. दोन फेऱ्या एकाच दिवशी लावण्याची विनंतीही बहुतेक वेळा मान्य होते, कारण वेळापत्रक सांभाळणाऱ्यालाही ते सोपे पडते. पगाराचा साधारण आकडा मात्र एचआरच्या शेवटच्या फेरीवर सोडू नये. तो पहिल्याच फोनवर विचारावा.

शेवटच्या फेरीनंतर सांगितलेली तारीख उलटली की तीन दिवस थांबून एक मेल लिहावा, आणखी आठवड्याने दुसरा, आणि त्यालाही उत्तर नसेल तर वहीतून ते नाव खोडून इतर ठिकाणी अर्ज सुरू ठेवावेत. तोंडी ‘तुमचे नक्की झाले’ म्हटले तरी लेखी ऑफर हाती येईपर्यंत आणि तिच्यातील पगार, पद, रुजू होण्याची तारीख वाचून होईपर्यंत राजीनामा देऊ नये.

कधी कधी खोडलेले नाव परत येते. कळव्याच्या त्या मुलीला तीन महिन्यांनी त्याच कंपनीतून फोन आला की पद पुन्हा उघडले आहे आणि प्रक्रिया नव्याने करावी लागेल. या वेळी तिने मंजुरीबद्दल विचारले, मंजुरी झाल्याचे मेलवर मागून घेतले आणि लिहिले की पूर्वीच्या पाच फेऱ्यांची आणि असाइनमेंटची नोंद आपल्याकडे आहे, ती ग्राह्य धरून विभागप्रमुखांशी एकच भेट ठरवावी. दोन दिवसांनी तिला संध्याकाळी साडेसातची व्हिडिओ कॉलची वेळ मिळाली. चाळीस मिनिटांची ती एकच फेरी झाली, तिने त्या दिवशी रजा घेतली नाही, आणि दहाव्या दिवशी आलेले ऑफर लेटर वाचून दाखवायला ती माझ्याकडे आली.