बेडक्यातून फुफ्फुसाचा कर्करोग शोधताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होते: डबीत बेडक्याऐवजी लाळ जाते. लाळेवरून फुफ्फुसातल्या पेशींबद्दल काही सांगता येत नाही. नमुना खोलवरून आलाय का, हे मॅक्रोफेज पेशींवरून कळतं. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत, म्हणजे वायुकोशांत, राहणाऱ्या या पेशींच्या पोटात बऱ्याचदा धुराचे काळे कण दिसतात. त्या नसतील आणि नुसत्या तोंडातल्या चपट्या पेशी असतील, तर नमुना बाद. असा ‘अपुरा नमुना’ म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट नव्हे. पुन्हा द्यावा लागतो.

सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकला काढा. घसा खाकरून किंवा नाकातून मागे ओढून आलेलं चालत नाही. एका दिवसावरही भागवू नका, कारण कर्करोगाच्या पेशी रोज बेडक्यात उतरतातच असं नाही. टेक्सासमधल्या कंपनीची ‘सायपाथ लंग’ ही चाचणी म्हणूनच तीन दिवसांचा बेडका मागते.

या चाचणीत पॉर्फिरिन जातीचा चमकणारा रंग कर्करोगाशी निगडित पेशींना चिकटतो. मग पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात आणि निकाल सॉफ्टवेअर लावतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त धोका असलेले १५० जण होते, त्यांतल्या २८ जणांना कर्करोग होता. चाचणीनं २३ ओळखले, ५ सुटले. कर्करोग नसलेल्यांपैकीही सुमारे १२ टक्के लोकांचा निकाल चुकून पॉझिटिव्ह आला. त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणून सीटी स्कॅनमधल्या गाठीचा पाठपुरावा सोडू नका. पॉझिटिव्ह आलं तरी निदान पक्कं होतं ते बायोप्सीनंतरच.

आपल्याकडची चूक वेगळी आहे आणि मला तीच जास्त घातक वाटते. ‘थुंकी तपासली, काही निघालं नाही’ असं घरचे सांगतात, तेव्हा ती तपासणी बहुतेक वेळा टीबीची असते. सीबीनॅट ही थुंकीची चाचणी टीबीच्या जंतूची जनुकं शोधते, कर्करोगाच्या पेशी त्यात दिसतच नाहीत. एक्स-रेवर डाग म्हणून टीबीची औषधं सुरू होतात, डाग तसाच राहतो आणि महिने निघून जातात. औषधं नीट घेऊनही डाग हटत नसेल, वजन उतरत असेल किंवा बेडक्यातून रक्त पडत असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: कर्करोगाच्या पेशींसाठी तपासणी झाली आहे का, आणि सीटी कधी करायचा?